शेंगतेल, डालडा, सूर्यफूल आणि पुन्हा घाणा: आपलं ताट बदललं कुणी?

शुक्रवारपेठी | रविवार, रात्री ९:४०

किराणाची यादी करताना आमच्या घरात दर महिन्याला तेलापाशी गाडं अडतं. आईला शेंगतेलच लागतं, तेही घाण्यावरनं आणलेलं. बायको राईस ब्रानवर (तांदळाच्या कोंड्याच्या तेलावर) अडून बसलीय. थोरल्या भावाला डॉक्टरांनी "तेल कमी करा" सांगितलं, त्यानं घरी येऊन "तेल बदला" असं सांगितलं. आणि बारावीतली पोरगी मोबाईलमध्ये बघून रोज एक नवीन तेल विषारी ठरवते.

भांडण मिटेल कधीतरी. माझा प्रश्न वेगळा आहे. मी शाळेत होतो तेव्हा घरात शेंगतेल होतं, सणासुदीला आणि पाहुण्यांच्या शिऱ्यात डालडा. नव्वदच्या आसपास सूर्यफूल आलं. तूप म्हणजे सरळ हार्ट अॅटॅक, असं आमच्या वडिलांना कुणीतरी पटवून दिलं आणि ते शेवटपर्यंत अंड्यातला पिवळा बलक काढून ताटाच्या कडेला सारत राहिले. आता तीच वर्तमानपत्रं सांगतात तूप खा, अंडं अख्खं खा, ज्वारी-नाचणी खा, घाण्याचं तेल खा. म्हणजे आजी खात होती तेच! मग मधली तीस-चाळीस वर्षं आम्हाला कशापायी फिरवलं?

जाणकारांनी सांगावं. व्हॉट्सअॅपवरचं चिकटवू नये. आणि तांबड्या-पांढऱ्याला नावं ठेवायची नाहीत.

तालीमवाला | रविवार, रात्री ९:५२

शेवटचं वाक्य वाचून जीव भांड्यात पडला भावा. बसलोय वाचत.

साशंक | रविवार, रात्री १०:१५

कशापायी म्हणजे? पैशापायी. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेनं हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले आणि १९६७ साली त्यांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून साखरेवरचा संशय चरबीवर ढकलला. पैसे घेतल्याचा उल्लेख लेखात कुठंच नाही. जुनी पत्रं हाती लागली तेव्हा, २०१६ साली, हे उघड झालं. रक्कम किती, तर साडेसहा हजार डॉलर. एवढ्यात जगाचं तूप बंद! ज्याचा माल त्याचं शास्त्र. विषय संपला.

आहारवाली | सोमवार, सकाळी ७:३०

विषय संपला नाही हो साशंकभाऊ. राजारामपुरीत माझी आहारसल्ल्याची प्रॅक्टिस आहे, रोज हाच प्रश्न समोर येऊन बसतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सांगता ते प्रकरण खरं आहे. पण चरबीवरचा संशय त्या लेखानं जन्माला घातला नाही. अॅन्सेल कीज या अमेरिकन संशोधकाचा, खाणं आणि हृदयविकार यांवरचा सात देशांचा अभ्यास १९५८ मध्येच सुरू झाला होता. तूप-लोण्यातल्या संतृप्त चरबीनं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हे तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही कुणी मागं घेतलेलं नाही. घोळ झाला तो पुढच्या पायरीला. "तूप कमी करा" म्हणताना त्या जागी माणूस काय खाणार, हे कुणी नीट सांगितलं नाही. अमेरिकेत त्या जागी मैदा आणि साखर आली, पाकिटावर "लो फॅट" असं लिहून. आपल्याकडं डालडा तर आधीपासून घरात होताच. तुपाच्या जागी मैदा-साखर आली तर हृदयाला फायदा जवळपास शून्य. शेंगतेल, करडईसारखं द्रव तेल आलं तर फायदा दिसतो. आणि डालडा आला तर तूप परवडलं म्हणायची पाळी.

अंड्याचं वेगळं. रोज ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल खाऊ नका, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं १९६८ साली सांगितलं. एका बलकात दोनशेच्या आसपास असतं, म्हणजे दोन अंडी झाली की खातं संपलं. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं, आणि बाहेरून जास्त आलं तर बहुतेकांमध्ये ते आपलं उत्पादन आवरतं घेतं. हे जसजसं कळत गेलं तशी ती मर्यादा सैल झाली आणि २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शिकेतून आकडाच गेला. शुक्रवारपेठी, तुमच्या वडिलांचे बलक वाया गेले खरे. पण त्या काळात त्यांना कुणी फसवत नव्हतं.

माझ्या मते खरं दुखणं आणखी मागं आहे. पोषणशास्त्र मोठं झालं ते कमतरतेच्या रोगांवर. जावामध्ये आयकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचं कारण शोधत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडले आणि काही महिन्यांनी आपोआप बरे झाले. शोध घेतल्यावर कळलं, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा, सडीचा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला, त्यानं "लष्कराचा भात सिव्हिलियन कोंबड्यांना मिळणार नाही" म्हणून बंद केला, आणि कोंबड्या सुधारल्या! पुढं कळलं की रोग टाळणारा घटक तांदळावरनं काढून टाकलेल्या कोंड्यात होता. १९१२ मध्ये फंकनं अशा घटकांना व्हिटॅमिन हे नाव दिलं, १९२९ मध्ये आयकमनला नोबेल मिळालं. एक कारण, एक उपाय, आणि गुण महिन्याभरात. मिठात आयोडीन घालून गलगंड आटोक्यात आणला तोही याच जातीचा विजय.

नंतर त्याच शास्त्राला विचारलं गेलं, हार्ट अॅटॅक कशानं येतो? तो यायला वीस-तीस वर्षं लागतात, कारणं पन्नास. माणसांना तेवढी वर्षं कोंडून, मोजून जेवायला घालता येत नाही. मग लोकांना विचारायचं, "गेल्या वर्षी आठवड्यातून किती वेळा भाजी खाल्ली?" मी माझ्या पेशंटला काल काय खाल्लं विचारते, तर निम्मे फरसाण विसरतात.

म्हणून उलटसुलट बातम्या दिसतात त्या याच भागातल्या. मीठ कमी, भाज्या जास्त, कोंड्यासकट धान्य, डाळी, तळण बेतानं, यातलं एकही वाक्य गेल्या पन्नास वर्षांत उलटलेलं नाही. पण त्याची बातमी होत नाही ना!

शुक्रवारपेठी | सोमवार, सकाळी ९:०५

ताई, दंडवत. फरसाणाचं वाचून बायकोनं माझ्याकडं बघितलं.

निवृत्त_मास्तर | सोमवार, दुपारी १२:२०

आहारवाली बाईंनी डालड्याचा विषय काढलाच आहे तर थोडी भर घालतो. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, खोड जात नाही.

डालडा भारतात आला १९३७ मध्ये. द्रव तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन मिसळायचा, तेल घट्ट होतं, टिकतं, दिसतं तुपासारखं, आणि किंमत तुपाच्या निम्म्याहून कमी. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. रिकामा डबा कुणी टाकत नसे, आमच्या आळीत निम्म्या तुळशी डालड्याच्या डब्यात होत्या. शिवाय वनस्पतीचं म्हणून त्यात कोलेस्टेरॉल नाही, ही जाहिरात अक्षरशः खरी होती.

लोकांना त्या काळी भीती होती ती आरोग्याची नव्हे, भेसळीची. तुपात डालडा मिसळला तर ओळखायचा कसा? म्हणून सरकारनं कायदाच केला की वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. का, तर तिळाच्या तेलाची एक खूण आहे. वितळलेल्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घालून नळी जोरात हलवायची आणि थांबायचं. डालडा असेल तर खाली बसलेलं आम्ल गुलाबी-किरमिजी होतं. हा प्रयोग मी दर वर्षी मुलांकडून करवून घेई, आणि घरून तूप आणायला सांगत असे. एका वर्षी गावातल्या एका प्रतिष्ठित घरचं तूप गुलाबी झालं आणि मला मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं.

तर सांगायचा मुद्दा हा की भेसळीवर एवढी करडी नजर ठेवणाऱ्या आम्हाला डब्यातली खरी भानगड दिसलीच नाही. हायड्रोजन अर्धवट मिसळला की तेलाच्या रेणूंची ठेवण बदलते, त्याला ट्रान्स फॅट म्हणतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं घटवतं, असं दुहेरी नुकसान मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांनी दाखवलं १९९० मध्ये. म्हणजे डबा घरात आल्यानंतर त्रेपन्न वर्षांनी.

साशंक | सोमवार, दुपारी १:१०

आणि आपल्याकडं तेला-तुपातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर आणायची सक्ती कधीपासून? जानेवारी २०२२. मास्तर, १९९० ते २०२२, मोजा बोटांवर. बेकरीवाले आणि तेलवाले एवढी वर्षं काय करत होते? मी म्हणतो तेच आलं की फिरून.

आहारवाली | सोमवार, दुपारी १:४५

इथं मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. शास्त्रानं सांगितलं होतं, कायद्यानं ऐकायला वेळ लावला. पण मग याला "शास्त्र बदललं" म्हणू नका एवढंच.

डोंगरकडचा | सोमवार, रात्री ८:३०

नमस्कार मंडळी. मी भुदरगड तालुक्यातला, शेती करतो. वरचं सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण तुम्ही सगळी मंडळी गावातली (म्हणजे कोल्हापुरातली) आहात म्हणून सांगतो. आमच्याकडचं ताट कुठल्या डॉक्टरनं बदललेलं न्हाई.

माझ्या आज्जीच्या वेळी नाचणीची भाकरी, वरीचा न्हाईतर जाड्या तांदळाचा भात, हुलग्याचं माडगं, उन्हाळ्यात आंबील. गहू फक्त पोळीच्या सणाला. आता नाचणीला पाऊसपाणी भागायचं, खत लागायचं न्हाई, पण राबणूक लई. तरवा टाकायचा, लावण करायची, कणसं एक-एक खुडायची, बडवायची, आन् सगळं बायकांच्या जिवावर. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, मग नदीकाठाला पाण्याच्या सोसायट्या झाल्या, मोटरी बसल्या, कारखाने उभे राहिले. ऊस एकदा लावला की कारखाना नेतोय, पैसा एकरकमी खात्यावर. कोण खुडत बसतंय नाचणी? ज्याला पाणी मिळालं त्यानं ऊस लावला, आन् ज्याला न्हाई मिळालं त्याच्या वरकस रानात गवं येतात दाजीपूरच्या जंगलातनं. एका रात्रीत नाचणी साफ.

मग खायचं काय? तर रेशनचा गहू, तांदूळ. २०१३ च्या कायद्यानं गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये, आन् २०२३ पासनं तर फुकट. फुकटचा गहू दारात असताना नाचणीची भाकरी कोण थापंल? तुम्ही म्हणताय मधली तीस वर्षं कुणी फिरवलं. आम्हाला पाण्यानं फिरवलं बगा. आन् त्यात आमचं वाईटच झालं असं न्हाई. आज्जीची चार पोरं लहानपणी गेली. आता आज्जीचं खाणं लई भारी हुतं म्हणणाऱ्यांनी ते पण ध्यानात ठेवावं.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री ९:१५

डोंगरकडचे पाव्हणे, लाखातलं बोललात.

१९७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीला लागलो होतो, जत भागात. तेव्हा रेशनवर मिलो यायचा. मिलो म्हणजे अमेरिकेतनं आलेली तांबडी ज्वारी. भाकरी व्हायची कशीबशी, रंग विटकरी, घशाखाली उतरताना पाणी प्यावं लागे. दुष्काळी कामावर सुकडी वाटत. शाळेतल्या मुलांच्या खिशात सुकडीचे तुकडे असायचे, धड्यावर बोट ठेवून चघळत बसायची. मिलोला नावं ठेवणारी माणसं त्याच मिलोवर जगली. तिथं कुणी आहारशास्त्र विचारत नव्हतं. नंतर आलेली हायब्रीड ज्वारीही तशीच, चव नाही म्हणून सगळे बोलायचे आणि पोतं भरलेलं बघून निवांत झोपायचे.

शुक्रवारपेठी | सोमवार, रात्री ९:५०

धाग्याचं शीर्षक आत्ता बदललं. आधी "शास्त्र बदललं की आपण?" असं होतं. घरचं आठवून बघितलं तर सूर्यफूल आलं ते डॉक्टरच्या चिठ्ठीनं नाही. शेंगतेलाचा डबा परवडेना, मग आधी रेशनचं पामतेल आणि नंतर पिशवीतलं सूर्यफूल. "हलकं असतं, हृदयाला बरं" हे कारण दुकानदारानं मागाहून पुरवलं.

आहारवाली | मंगळवार, सकाळी ७:४०

डोंगरकडचे दादा, तुमचं शेवटचं वाक्य छापून दवाखान्यात लावणार आहे. सध्या भरडधान्याची लाट आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आणि तेव्हापासून माझ्याकडं येणारा प्रत्येक जण विचारतो, गहू सोडू का?

त्यांना मी एक गोष्ट सांगते. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया पेलाग्रा या रोगावर काम करत होते. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, मानेभोवती, हातांवर काळे खरखरीत चट्टे, जुलाब, पुढं वेड लागण्यापर्यंत मजल. जगभर हा मका खाणाऱ्या गरिबांचा रोग म्हणून माहीत होता. आपल्या दख्खनमध्ये तो कुणाला होत होता? ज्वारी खाणाऱ्यांना! ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाचा जास्तपणा नायासिन जीवनसत्त्वाच्या आड येतो, असा त्यांचा तर्क होता. त्या तर्कावर पुढं बराच वाद झाला. पण कुणाला होतो हे दिसत होतं. सकाळ-संध्याकाळ निव्वळ भाकरी आणि चटणी, दूध नाही, डाळ नावाला. ताटात इतर चार गोष्टी आल्या तसा तो रोग मागं पडला.

आज आपण जिला "सुपरफूड" म्हणतो ती ज्वारी तीच आहे. तेव्हा ती उपाशी माणसाच्या ताटात एकटी होती, आणि आता पोट भरलेल्या माणसाच्या ताटात चौथी-पाचवी आहे. त्यामुळं धान्याला चांगलं-वाईट ठरवण्याआधी मी शेजारी काय आहे ते विचारते.

पोळीभाजी_केंद्र | मंगळवार, सकाळी ११:१०

मी मंगळवार पेठेत पोळीभाजी केंद्र चालवते. बाजारातलं सांगते. पूर्वी भाकरी मागायचे कामावरची माणसं, चपाती मागायचे ऑफिसवाले. आता नेमकं उलटं झालंय. गाडीतनं उतरून ज्वारीच्या भाकऱ्या नेतात आणि हमाल-रिक्षावाले चपाती मागतात, कारण चपाती स्वस्त.

भाकरीला मी दर का जास्त लावते हे विचारणाऱ्यांसाठी: ज्वारी महाग, पीठ आठवड्याच्या आत संपवावं लागतं. जुनं झालं की पीठ विरी जातं, गरम पाणी घालून उकड काढली तरी थापताना कडेनं चिरत जातं, उचलली की दोन तुकडे. चपाती पोरगी महिन्यात शिकते, भाकरीला हात बसायला वर्ष जातं. आणि वर गिऱ्हाईक म्हणतं, "काकू, ग्लूटेन फ्री आहे ना?" असू दे बाबा, आहे.

तालीमवाला | मंगळवार, दुपारी ३:००

तेल-ज्वारी झालं, आता आमच्या खुराकावर बोला की. थंडाई, तूप, मटण, आणि रात्री गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण. आमच्या वस्तादांनी आयुष्यभर हेच केलं, पंचाहत्तरीत ताठ चालतात. आता जिमची पोरं डब्यातली पावडर पितात आणि आम्हाला फॅट शिकवतात.

आहारवाली | मंगळवार, दुपारी ४:२०

तालीमवाले भाऊ, मेहनत चालू असताना खुराक जिरतो, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझ्याकडं येतात ते पस्तिशीत आखाडा सोडलेले. मेहनत सुटली, खुराक नाही सुटला. आणि धारोष्ण दुधाबद्दल राग धरू नका, पण ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू कच्च्या दुधातनं येतात, हे शास्त्र कधीच उलटलेलं नाही. कट्ट्यावरची मजा घ्या, दूध घरी नेऊन उकळा.

पावडरीचं मात्र तुमच्या बाजूनं बोलते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका म्हणते, स्नायू कमवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा.

तालीमवाला | मंगळवार, दुपारी ४:३१

उकळून? कट्ट्यावर हे बोललात तर म्हैस बी हसंल. पण पावडरीचं वस्तादांना वाचून दाखवतो, खूश होतील.

मायदेशी_मन | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मी मूळचा उत्तरेश्वर पेठेतला, आता नेदरलँड्समध्ये. (हो, ट्रान्स फॅटवाल्या डच लोकांत. मास्तरांचा प्रतिसाद हितल्या ऑफिसात भाषांतर करून सांगितला.)

प्रोटीनचं निघालंच आहे तर. हल्ली जो तो "भारतीयांना प्रोटीन कमी पडतं" म्हणतोय, पण ही ओरड पहिल्यांदा होत नाहीये. १९५०-६० च्या दशकांत सगळ्या आंतरराष्ट्रीय संस्था प्रोटीनच्या मागं लागल्या होत्या, माशाचं पीठ काय, शेंगदाण्याचं पीठ काय, गरीब देशांतल्या पोरांना हेच घाला. तेव्हा उलट बाजूनं बोलणाऱ्यांत एक माणूस आपल्या शेजारचा होता: सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ, रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत. त्यांचं म्हणणं असं की पोटभर जेवणच मिळत नाही म्हणून प्रोटीन कमी पडतं. भाकरी-डाळ पुरेशी मिळाली तर बहुतेकांचं भागेल. पोट अर्धं असताना दिलेलं प्रोटीन शरीर सरपण म्हणून जाळून टाकतं. १९७४ मध्ये मॅक्लारेन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्या सगळ्या मोहिमेचे वाभाडे काढले आणि हवा गेली. आता पुन्हा भरलीय, फक्त यावेळी गिऱ्हाईक पोट भरलेलं आहे.

आहारवाली | मंगळवार, रात्री ८:००

सुखात्म्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं. पण त्यांचं उत्तर त्या काळच्या प्रश्नाला होतं, हेही लिहू द्या. आज माझ्यासमोर बसणाऱ्याचं पोट भरलेलं असतं ते तीन वाट्या भातानं, आणि आमटीत डाळ शोधावी लागते. २०२४ च्या त्याच मार्गदर्शिकेनुसार धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या आसपास असावी. आपल्याकडं ती ५० ते ७० टक्के भरते. म्हणून मीही डाळ-उसळ वाढवायला सांगते, फक्त डबा विकत घ्यायला सांगत नाही.

दुसरंही एक. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण आपलं बाळ नुसतं लहान नव्हतं. स्नायू कमी, आणि चरबी मात्र त्या मानानं राखलेली. असं बाळ पुढं भरपेट खाऊ लागलं की मधुमेहाकडं लवकर झुकतं. २०२३ च्या देशव्यापी पाहणीत मोठ्या माणसांपैकी ११.४ टक्के मधुमेही निघाले. सात देशांच्या अभ्यासात आपण नव्हतोच. त्यामुळं तिकडचा सल्ला इकडं आणताना मापं बदलावी लागतात, आणि ती मापं घ्यायला आपल्याच माणसांना बराच काळ लागला.

करवीर_गुऱ्हाळ | मंगळवार, रात्री ९:३०

मधुमेहावर आलात म्हणून लिहितो. आमचं गुऱ्हाळ आहे, वडिलांपासनं. रोज कुणीतरी गाडी थांबवून विचारतं, "साखर सोडलीय, गूळ चालतो ना?"

माझा धंदा गुळाचा, तरी सांगतो: शुगर असेल तर चालत नाही. काहिलीत उसाचा रसच आटतो, आकाशातनं काही पडत नाही. थोडं लोह, थोडे क्षार जास्त, बाकी गोडवा तोच.

आणि रंगाची गंमत ऐका. आमचा गूळ बराच गुजरातेत जातो, तिकडच्या व्यापाऱ्याला पिवळाधम्मक लागतो. भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते, काढून टाकतो, पण तेवढ्यानं रंग पिवळा होत नाही, म्हणून लोक हायड्रॉस पावडर मारतात. पिवळ्याला भाव, काळ्याला शिव्या, असं आयुष्य गेलं. आता पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक म्हणतं, केमिकलवाला नको, काळाच द्या, दर जास्त घ्या. तर काही ठिकाणी पिवळा करपवून काळा करून विकायला लागलेत! त्यात साखर स्वस्त झाली की काहिलीत साखर ओतणारे वेगळेच. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पाटी चांगली दिसते. गिऱ्हाइकाला पाहिजे तसा गूळ बनतो बघा, शास्त्राला पाहिजे तसा नाही.

साशंक | मंगळवार, रात्री १०:०५

करवीरवाले, एवढा प्रामाणिक माणूस या धाग्यावर अपेक्षित नव्हता. माझा मुद्दा निम्मा मागे. निम्माच.

शुक्रवारपेठी | बुधवार, सकाळी ८:१५

ताई, शेवटी तेलाचं काय ते सांगून टाका. यादी आज करायची आहे.

आहारवाली | बुधवार, सकाळी १०:००

कुठलं यापेक्षा किती हे आधी. मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी २७ ग्रॅमच्या आसपास तेल-तूप धरलंय, सगळं मिळून. चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर. आत्ता किती आणता ते आधी मोजा, मग माझ्याशी भांडा. शेंगतेल उत्तम आहे, आईंना सांगा. राईस ब्रानही वाईट नाही, आलटून-पालटून वापरा, दोघींचं राहील. घाण्यावरनं आणताना एवढंच बघा की दाणा स्वच्छ आहे. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असतं. रिफाइंड करताना ते निघून जातं, घाण्याच्या तेलात राहू शकतं. घाणेवाल्याकडं जाऊन पोत्यात हात घाला, काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे दिसले तर परत फिरा. आणि तळलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका, मग ते कुठल्याही बियांचं असो.

पोळीभाजी_केंद्र | बुधवार, सकाळी १०:४०

साडेतीन लिटर? आमच्या गिऱ्हाइकांच्या घरात तेवढा नुसता रश्श्यावरचा कट लागतो.

डोंगरकडचा | बुधवार, रात्री ८:५०

ताई, एक विचारायचं हुतं. नाचणीत कॅल्शियम दुधापेक्षा जास्त म्हणतात ते खरं का? घरी सून बाळंतीण हाय, तिला घालतोय.

आहारवाली | बुधवार, रात्री ९:२०

खरं आहे दादा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही, नाचणीतलाच फायटेट नावाचा घटक ते धरून ठेवतो. मोड आणून दळली किंवा आंबील आंबवून केली की ती पकड सैल होते. आज्जी करत होती तसंच करा. दूध बंद करू नका. आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर सूनबाईंना चहा देऊ नका, त्यानं लोह अडतं.

डोंगरकडचा | बुधवार, रात्री ९:४५

चहाचं जमंल का बगतो, आमच्यात पाव्हणा आला की कप पुढं येतोच. नाचणी औंदा थोडी लावलीय, गव्यानं ठेवली तर दिवाळीनंतर झोडणी. हितल्या कुणाला पायजे असली तर आत्ताच सांगा, गारगोटीच्या बाजारात घालायच्या आधी बाजूला काढून ठेवतो. दळून न्हाई, दाणाच देणार.

पोळीभाजी_केंद्र | बुधवार, रात्री ९:५८

पन्नास किलो माझी धरा दादा. दर बाजारातला लावा, पाव्हण्यातला नको.